मी कोण, स्त्री, पुरुष की आणखी काही, हे शरीरात कुठं ठरतं?

गर्भ सहा आठवड्यांचा होईपर्यंत त्याच्याकडे पाहून मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही. पुढे जिचं वृषण किंवा बीजांडकोश होणार, ती ग्रंथी तोवर दोघांत सारखीच असते. पुढे स्त्रीचे किंवा पुरुषाचे आतले जननअवयव ज्यांतून घडतात, त्या दोन्ही प्रकारच्या नलिकाही प्रत्येक गर्भात असतात. नंतर एक जोडी वाढते, दुसरी बहुतांशी विरून जाते. स्त्रियांत सहसा एक्सएक्स गुणसूत्रं असतात, पुरुषांत एक्सवाय. या वाय गुणसूत्रावरचं, वृषण घडवायला सुरुवात करून देणारं एसआरवाय हे जनुक १९९० मध्ये सापडलं. पुढच्याच वर्षी एक्सएक्स गुणसूत्रांच्या, म्हणजे एरवी मादी झाल्या असत्या अशा उंदरांत ते सोडलं, तेव्हा त्यांतले काही चक्क नर म्हणून वाढले. कोडं सुटलं म्हणायला हरकत नव्हती.

पण काही व्यक्तींची गुणसूत्रं एक्सवाय असतात, वृषणं असतात, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरकही तयार होतं. फक्त त्याचा निरोप पेशींना घेताच येत नाही. हे वैगुण्य जिथं पूर्ण असतं, तिथं शरीर बाहेरून मुलीचंच घडतं. बऱ्याच जणींना याचा पत्ता लागतो तो पाळी का येत नाही म्हणून तपासण्या केल्यावर. त्यांतल्या बहुतेक जणी स्वतःला स्त्री मानतात, आणि रिपोर्टवर एक्सवाय वाचून ते मानणं पुसलं जात नाही.

मग हे संगोपनावर ठरतं का? जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाचं मत तसं होतं. कॅनडात १९६५ साली जन्मलेल्या जुळ्या भावांपैकी एकाच्या लिंगाला सुंता करताना गंभीर इजा झाली. मनीच्या सल्ल्यानं त्याला मुलगी म्हणून वाढवलं गेलं. त्या मुलाला ते कधीच रुचलं नाही. चौदाव्या वर्षी खरं कळल्यावर तो मुलगा म्हणून जगू लागला. ही हकिगत १९९७ मध्ये शोधनिबंधातून पुढे आली, तोवर हा प्रयोग यशस्वी म्हणून सांगितला जात होता. एका मुलावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण माणसाला विचारल्याशिवाय त्याची ओळख ठरवण्याचा आत्मविश्वास किती महाग पडतो, ते यात दिसतं.

मेंदूतही सोपं उत्तर नाही. २०१५ मध्ये डॅफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी चौदाशेहून अधिक मेंदूंचे स्कॅन तपासले. सगळीच वैशिष्ट्यं एका टोकाची असलेले मेंदू फार थोडे निघाले, बाकीचे सरमिसळ. यावर टीकाही झाली: सगळी मोजमापं एकत्र घेतली तर मेंदू स्त्रीचा की पुरुषाचा, हे संगणक बऱ्याचदा ओळखतो. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. मात्र स्कॅन पाहून ‘तू स्वतःला काय समजतेस’ हे सांगणारं यंत्र अजून कुणाकडे नाही, त्यासाठी माणसालाच विचारावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात तर लिंगभावातली विसंगती, म्हणजे जन्मतः नोंदलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारं लिंग न जुळणं, मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेरच काढली आहे.

मला यापेक्षा जास्त ठोस वाटतं ते दडपणाबद्दलचं संशोधन. सुझन इगन आणि डेव्हिड पेरी यांनी २००१ मध्ये शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मुलानं असंच वागायचं, मुलीनं तसंच’ हे दडपण ज्यांना जास्त जाणवत होतं, त्यांचं मानसिक स्वास्थ्य तुलनेनं खालावलेलं होतं. ही पारलिंगी (जन्मतः नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेली) म्हणून निवडलेली मुलं नव्हती, साध्या वर्गातलीच होती.

२०१८ चा अमेरिकेतला एक अभ्यास याहून साधी गोष्ट मोजतो: स्वतः निवडलेलं नाव. १२९ पारलिंगी आणि स्त्री-पुरुषाच्या ठरीव चाकोरीबाहेरच्या तरुणांना विचारलं, की घरी, शाळेत, कामावर आणि मित्रांत तुम्हाला त्या नावानं हाक मारतात का? जितक्या जास्त ठिकाणी मारत, तितकी नैराश्याची लक्षणं आणि आत्महत्येचे विचार कमी. अर्थात जे घर नवं नाव स्वीकारतं ते मुळातच मायेचं असणार, त्यामुळे सगळं श्रेय नावाला देता येणार नाही.

लेबलांवर राग धरण्याचंही कारण नाही. वर्षानुवर्षं घुसमटलेल्याला ‘नॉनबायनरी’ (फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष या चौकटीत न बसणारं) हा शब्द सापडला की आपल्यासारखे आणखी आहेत हे कळतं. दुसऱ्याला तोच शब्द काही वर्षांनी तोकडा वाटतो. मराठीत तर ‘मी येतो’ की ‘मी येते’ हे वाक्य पुरं होण्याआधी ठरवावं लागतं, आणि कुणी एकाच दिवसात दोन्ही वापरतं. कुणाला संप्रेरकं हवी असतात, कुणाला नुसते कपडे आणि नाव पुरतं, कुणाला यातलं काहीच नको असतं.