आवाज फाटतो तो नेमका कुठे?

ढोलकीच्या ट्रॅकवर लाल दिवा लागला की नवशिक्याचा हात आधी मास्टर फेडरकडे (सगळ्या ट्रॅकचा एकत्रित आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणाकडे) जातो. पण रेकॉर्डिंग करतानाच आवाज फाटला असेल, तर फेडर खाली ओढूनही तो फाटलेलाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो.

संगणकासाठी आवाज म्हणजे आकड्यांची रांग. सीडीवर डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूसाठी सेकंदाला 44,100 आकडे असतात आणि प्रत्येक आकडा उणे 32,768 ते अधिक 32,767 यांच्या आतच बसावा लागतो. डिजिटल मीटरवर या मर्यादेला शून्य डेसिबल म्हणतात, म्हणून त्याखालचे सगळे आकडे उणे दिसतात. लाट त्यावर गेली की तिचं टोक सपाट कापलं जातं. हेच क्लिपिंग. कापलेल्या टोकामुळे मूळ आवाजात नसलेले वरचे स्वर तयार होतात. त्यातले काही इतके उंच असतात की नोंदवता येणाऱ्या स्वरांच्या मर्यादेपलीकडे जातात आणि उलटे फिरून भलत्याच, बेसूर जागी येऊन बसतात. टेपवर आवाज हळूहळू दबत जातो, म्हणून तिथली विकृती बऱ्याच जणांना आवडते. डिजिटलमध्ये मात्र एका क्षणी सगळं ठीक आणि पुढच्या क्षणी करकर.

खरा धोका माइकच्या बाजूला असतो. ढोलकीची थाप काही मिलिसेकंदांत टोक गाठते आणि सरासरी दाखवणाऱ्या मीटरला ती नीट दिसतच नाही. शिवाय चाचणीच्या वेळी बेताने वाजवणारा वादक प्रत्यक्ष रेकॉर्डिंगला हमखास जोर लावतो. म्हणून गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) असा ठेवावा की सगळ्यात जोरकस थापही उणे 10-12 डेसिबलच्या आसपास थांबेल. ‘मग दर्जा घटेल’ ही भीती जुनी आहे. आकडा साठवायला वापरलेल्या एका बिटमागे साधारण 6 डेसिबल मिळतात, म्हणजे 24 बिटमध्ये 12 डेसिबल मोकळे सोडले तरी 22 बिट उरतात. त्यात नोंदवता येणाऱ्या सगळ्यात हळू आवाजापेक्षा खोलीतल्या पंख्याचा आवाजच कितीतरी वर असतो.

सॉफ्टवेअरच्या आत गणित वेगळं आहे. आजकालची बहुतेक सॉफ्टवेअर 32 किंवा 64 बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये (दशांशचिन्ह सरकवून खूप मोठे आकडेही मांडण्याच्या पद्धतीत) हिशेब करतात, त्यात शून्याच्या वरही भरपूर जागा असते. उणे 3 डेसिबलची टोकं असलेला ट्रॅक कॉपी करून मूळ ट्रॅकबरोबर वाजवा. दोन्ही मिळून 6 डेसिबल वाढतात आणि मास्टरवर अधिक 3 दिसतं. इथे मास्टर 4 डेसिबल खाली घेतला की लाट जशीच्या तशी परत मिळते. म्हणजे तोच उपाय आधी निरुपयोगी होता आणि इथे अगदी योग्य आहे. अपवाद जुन्या अॅनालॉग यंत्रांची नक्कल करणाऱ्या प्लगइनचा (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचा). त्यांना जास्त लेव्हल दिली की ती मुद्दामच आवाज बदलतात.

16 किंवा 24 बिटची फाइल काढताना मात्र छत परत येतं. त्यातही एक गोम आहे: मीटर आकडे बघतो, पण स्पीकरपर्यंत पोचते ती त्या आकड्यांमधून जाणारी अखंड लाट. 44,100 च्या दराने नोंदवलेल्या 11,025 हर्ट्झच्या शुद्ध सुराचे नमुने (म्हणजे हेच आकडे) लाटेच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना पडले, तर प्रत्येक आकडा शून्य डेसिबलवर असूनही खरी लाट 3 डेसिबल वर जाते. एमपी३ केल्यावर टोकं आणखी हलतात. म्हणून शेवटच्या लिमिटरची (आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणाऱ्या साधनाची) मर्यादा उणे 1 डेसिबल ठेवावी आणि या अखंड लाटेचं टोक दाखवणारा ‘ट्रू पीक’ मीटर बघावा.

बाकी, गाणं ठासून मोठं करण्याचा अट्टहास मला आता व्यर्थ वाटतो. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसवर (कानाला आवाज किती मोठा जाणवतो ते मोजण्याचं एकक) आणून वाजवतं. तुमचं उणे 8 वर असेल तर ते 6 डेसिबल खाली ओढलं जातं, आणि गाणं मोठं करण्यासाठी दाबून सपाट केलेल्या थापा तशाच सपाट ऐकू येतात.