व्यसनमुक्तीतील जुनी पाठदुखी (गोवा)

दारू, अफूजन्य पदार्थ किंवा गुंगीच्या गोळ्या सोडलेल्या अथवा सोडत असलेल्या व्यक्तीची तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेली पाठ-कंबरदुखी, आणि व्यसन पुन्हा जागे होऊ न देता तिच्यावर करायचे उपचार, हा या नोंदीचा विषय आहे. पाठदुखी हाडांच्या डॉक्टरकडे आणि व्यसन मानसोपचारतज्ज्ञाकडे, अशी रुग्णालयात वाटणी झालेली असते. रुग्णाला मात्र पाठ एकच असते, आणि रात्री दोन वाजता ती दुखू लागली की दोन्ही आजार एकदमच जागे होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारू पिणाऱ्यांचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या राज्यांत छत्तीसगड, त्रिपुरा, पंजाब आणि अरुणाचल प्रदेश यांच्याबरोबर गोव्याचे नाव होते. त्यामुळे ही दोन दुखणी एकाच घरात भेटणे इथे नवलाचे नाही. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यात वर्षानुवर्षे टिप्पर चालवलेल्यांच्या कमरेने रस्त्यातला प्रत्येक खड्डा सोसलेला असतो. खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले, दुखणे तेवढे चालू राहिले आणि रिकामा वेळ त्यात भर घालत गेला. माडावर चढणारे रेंदेर, जाळी ओढणारे मच्छीमार, दिवसभर मोटारसायकलवर असणारे पायलट (दुचाकी टॅक्सीवाले) आणि हॉटेलांत गाद्या उचलणारे कामगार हेही याच रांगेतले.

बोलीतले निदान आणि खरे निदान

‘कंबर धरली’, ‘उसण भरली’, ‘नस दबली’, ‘गॅप पडला’ हे लोकांचे शब्द. पहिले दोन निरुपद्रवी आहेत. ‘गॅप’ हा शब्द मात्र एमआरआयच्या अहवालातून घरात येतो आणि माणसाला कायमचा अधू ठरवून टाकतो. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतील चकत्या झिजलेल्या आढळल्या. म्हणजे चित्रात दिसणारी झीज बहुतेकदा केस पांढरे होण्यासारखी असते. व्यसनातून उठू पाहणाऱ्याला हे नीट समजावून सांगणे विशेष गरजेचे आहे, कारण ‘आता आपले काही खरे नाही’ ही भावना त्याला गुत्त्याच्या दिशेने ढकलते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. व्यसनी माणसाची प्रत्येक पाठदुखी स्नायूंचीच असते असे नाही. दीर्घकाळ दारू प्यायलेल्याचे स्वादुपिंड सुजले तर वेदना पोटातून थेट पाठीत जाते आणि पुढे वाकून बसल्यावर थोडी कमी होते. दारूमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तेव्हा दुखते जांघेत आणि ढुंगणात, पण रुग्ण हात ठेवतो कमरेवर. हाडे ठिसूळ झालेल्याला साध्या घसरण्यानेही मणक्याला चीर जाऊ शकते. सुईने नशा केलेल्या माणसाला ताप आणि पाठदुखी एकत्र आली तर मणक्यात जंतुसंसर्ग झाल्याची शंका आधी घ्यावी लागते, आणि आपल्याकडे मणक्याचा क्षय विसरून चालत नाही. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतला भाग बधिर होणे, पायातली ताकद जाणे ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दुखणे खरे की तलफ?

हा प्रश्न घरचे विचारतात, कधी डॉक्टरही मनात धरतात. तो चुकीचा मांडलेला आहे. दारू ही स्वतः वेदनाशामक आहे. ती थांबली की इतके दिवस दबलेले दुखणे वर येते. अफूजन्य औषधे दीर्घकाळ घेतल्यास मज्जासंस्था उलट अधिक संवेदनशील होते आणि कमी धक्क्यालाही जास्त वेदना जाणवते. ही औषधे सोडताना पाठ आणि पाय दुखणे हे तर नशा थांबल्यावर होणाऱ्या त्रासाच्या, म्हणजे माघार लक्षणांपैकीच एक. त्यात सुरुवातीचे आठवडे झोप नसते, आणि न झोपलेल्या शरीराला सगळेच जास्त दुखते. म्हणजे तलफेने दुखणे वाढते, दुखण्याने तलफ वाढते, आणि यात नाटक कुठेच नसते. दुखण्यावर विश्वास ठेवून उपचार करणे हाच स्लिप, म्हणजे पुन्हा नशेकडे घसरणे, टाळण्याचा मार्ग आहे. ‘नाटके करतो’ म्हणून हाकलून दिलेला रुग्ण आपले औषध स्वतः शोधतो आणि ते कोपऱ्यावरच्या बारमध्ये मिळते.

मन वेदनेत भाग घेते, याचा अर्थ वेदना खोटी आहे असा होत नाही. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या आबे फारिया यांनी संमोहनाचा परिणाम कुठल्या अदृश्य द्रवातून येत नसून तो माणसाच्या स्वतःच्या मनातून येतो, असे पॅरिसमध्ये मांडले होते. पणजीत त्यांच्या पुतळ्यापाशी फोटो काढणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसते. आजचे वेदनाविज्ञान सूचना आणि अपेक्षा यांना जे महत्त्व देते, त्याची चाहूल त्यांच्या विचारात होती.

मालिशची फेणी आणि औषधाचा घोट

गोव्यापुरता हा सर्वांत अवघड भाग आहे. कंबर धरली की घरातली आजी फेणीने चोळून देते. थंडी-पडशाला, मुरगळण्याला, अंगदुखीला फेणी हे इथले जुने घरगुती औषध. ज्या घरात कोणी पीत नाही, तिथेही कपाटात औषधाची म्हणून एक बाटली असते. फेणीत सुमारे ४३ टक्के अल्कोहोल असते आणि तिचा वास खोलीभर राहतो. सहा महिने न प्यायलेल्या माणसाच्या पाठीला फेणी चोळणे म्हणजे त्याच्या नाकाशी पेला धरणेच होय. दारू सुटावी म्हणून दिली जाणारी डायसल्फिराम ही गोळी घेणाऱ्याला तर त्वचेवर चोळलेल्या अल्कोहोलनेही त्रास होऊ शकतो: तोंड लाल होणे, धडधड, उलटी, रक्तदाब उतरणे. गोळी बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे हा धोका राहतो. आजीला दुखावायचे नसेल तर तिच्या हाती महानारायण किंवा साधे खोबरेल तेल द्यावे. चोळण्यातला आराम हातातून येतो, बाटलीतून नव्हे.

आसव-अरिष्टांचे, म्हणजे आंबवलेल्या आयुर्वेदिक औषधांचे, तसेच आहे, फक्त ते जास्त सोज्ज्वळ दिसते. वातावर आणि कंबरदुखीवर दशमूलारिष्ट, बलारिष्ट सर्रास घेतली जातात. ही औषधे आंबवूनच तयार होतात आणि त्यांत स्वतःहून निर्माण झालेले अल्कोहोल साधारण पाच ते दहा टक्के असते, लेबलवर तसे छापलेलेही असते. बिअरइतके किंवा तिच्याहून जास्त. ‘आयुर्वेदिक आहे, चालतं’ म्हणत दिवसाला दोनदा चार चमचे घेणारा माणूस नकळत रोज थोडी घेतच असतो. वैद्याला आधी स्पष्ट सांगितले तर तो तीच द्रव्ये ताज्या काढ्याच्या, चूर्णाच्या किंवा गोळीच्या रूपात देऊ शकतो. होमिओपॅथीची अल्कोहोलमधली थेंबाची औषधे आणि काही खोकल्याची पातळ औषधे यांनाही हाच नियम लागू.

काजूच्या हंगामात, मार्च ते मे, हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचे, दिवस असतात. बागेत वाकून बोंडू गोळा करताना कंबर मोडते आणि संध्याकाळी शीण घालवायला पेला हजर असतो. नव्याने सोडलेल्यांनी पहिला हंगाम तरी बागेपासून लांब काढावा, असे या वाटेने गेलेले सांगतात. ज्याचे पोट बागेवर आहे त्याला हे सांगणे सोपे नाही.

गोळ्या

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवर मार्गदर्शिका काढली. समजावणी, व्यायाम, मालिशसारखे काही शारीरिक उपचार, विचार-वर्तन उपचार आणि डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनच्या जातीची औषधे यांना तिने मान्यता दिली. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन (पाठीला ताण देऊन ओढणे) आणि अफूजन्य वेदनाशामके नेहमीच्या उपचारांत नकोत असे सांगितले. म्हणजे व्यसनमुक्त माणसाला ट्रामाडॉल हे अफूजन्य जातीचे वेदनाशामक नाकारले तर त्याच्यावर अन्याय होत नाही. इतरांनाही ते या दुखण्यावर द्यायचे नसते. ट्रामाडॉल २०१८ पासून भारतात अमली पदार्थ कायद्याखाली आले. टॅपेंटाडॉल त्याच कुळातले आहे, नाव वेगळे म्हणून फसू नये. ‘नस दबली’ म्हणून लिहून दिल्या जाणाऱ्या प्रीगॅबॅलिनचीही चटक लागते, आणि पायात उतरणाऱ्या सायटिकावर त्याचा उपयोग २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसला नव्हता.

डायक्लोफेनॅकच्या जातीची औषधे चटक लावत नाहीत, पण दारूने आधीच सोलवटलेल्या जठरातून रक्तस्राव घडवू शकतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. थोडे दिवस, जेवणानंतर, डॉक्टरला विचारूनच. यकृत अशक्त असेल तर पॅरासिटामॉलही दिवसाला दोन ग्रॅमच्या आत ठेवतात. ड्युलोक्सेटिन हे मुळात नैराश्यावरचे औषध काहींना उपयोगी पडते, मात्र यकृताचा विकार असणाऱ्याला नाही.

अफूजन्य व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन हे औषध चालू असलेल्यांना एक सोय आहे: तोच डोस विभागून दिवसातून तीन-चार वेळा घेतला तर त्याचा वेदनाशामक गुणही मिळतो. हा बदल उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच करायचा असतो. नालट्रेक्सोन (अफूजन्य पदार्थांचा परिणाम अडवणारी, व्यसनमुक्तीत दिली जाणारी गोळी) घेणाऱ्याला उलट अडचण येते. अफूजन्य वेदनाशामके त्याच्यावर चालतच नाहीत, म्हणून ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी गोळी साधारण तीन दिवस थांबवावी लागते.

हालचाल

अंथरुणाला पाठ टेकून पडून राहण्याने दुखणे लांबते, हे आता पक्के झाले आहे. चालणे हे सर्वांत स्वस्त औषध, आणि ते दुखणे शून्यावर येण्याची वाट न पाहता सुरू करायचे असते: रोज ठरावीक वेळ, बरे वाटते त्या दिवशीही जास्त नाही, वाईट दिवशीही अगदी बंद नाही. व्यसनमुक्तांच्या गटांत ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतात, त्याला हे धरूनच आहे. पावसाळ्यात कंबर जास्त दुखते अशी सार्वत्रिक तक्रार असते. चार महिने बंद पडलेले चालणे त्याला बरेचसे कारणीभूत असावे. घराच्या पडवीत येरझाऱ्या घातल्या तरी चालते. भजनाला रात्रभर मांडी घालून बसणाऱ्यांनी अध्येमध्ये उठावे. टाळ उभ्यानेही वाजतो.

योगाचा या विषयाशी थेट संबंध आहे. बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केले आणि व्यसनमुक्तीत अय्यंगार पद्धतीची आसने आणली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोव्यात हणजूण येथे कृपाचे केंद्र आहे. या पद्धतीत पट्टे, विटा, लोड यांचा आधार घेतात, त्यामुळे आखडलेल्या पाठीलाही आसनात थोडा वेळ टिकता येते. अस्वस्थता आली तरी लगेच पळायचे नाही, हा सराव शरीरालाही होतो आणि तलफेलाही.

गोव्यातील सोयी

बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि मानसोपचार व मानवी वर्तन संस्था जवळजवळ आहेत. हाडांची ओपीडी आणि व्यसनाची ओपीडी यांच्यातले अंतर बसच्या एका तिकिटाचेही नाही, तरी एकीकडचा कागद दुसरीकडे रुग्णालाच न्यावा लागतो. तो न्यावाच. संगत या संस्थेने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेली चाचणी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आली. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांशी जास्तीत जास्त चार बैठकी झाल्यावर तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुषांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. दारूबद्दल विचारणा गावच्या केंद्रातही होऊ शकते, हे त्यातून दिसले. पाठ दाखवायला आलेल्या माणसालाही तोच प्रश्न विचारता येतो. दूरध्वनीवर मानसिक मदतीसाठी १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे क्रमांक आहेत.

दुचाकीच्या अपघातात बेशुद्ध पडलेला माणूस आपण कोणती गोळी घेतो हे सांगू शकत नाही. म्हणून नालट्रेक्सोन, ब्युप्रेनॉर्फिन किंवा डायसल्फिराम घेणाऱ्याने पाकिटात वाहन परवान्याच्या मागे एक चिठ्ठी ठेवावी: औषधाचे नाव, डोस, शेवटचा बदल कधी झाला आणि घरातल्या कोणाला फोन करायचा.