परदेशातल्या शिक्षणाचा अर्ज : देश ठरवण्याआधी घरातली फाईल उघडा

ठाणे-नवी मुंबईतल्या मुलांचे परदेशातले अर्ज गुणांवर क्वचित अडतात. अडतात ते आईच्या नावावर, इमारतीच्या ओसीवर (भोगवटा प्रमाणपत्रावर) आणि खात्यातल्या पैशांच्या तारखेवर. म्हणून ‘नोकरी कुठे मिळेल’ याच्याबरोबरीनेच ‘तो देश मागतो ते कागद आपल्याकडे आहेत का’ हेही पहिल्याच दिवशी बघायला हवं.

आधी नोकरीचं बोलू. जर्मनीत पदवी मिळाल्यावर काम शोधायला १८ महिने देतात. ब्रिटनमध्ये मास्टर्सनंतर सध्या दोन वर्षं राहता येतं. पण या सवलतीसाठी १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळणार आहे. कॅनडात मास्टर्सनंतर तीन वर्षांपर्यंतचं वर्क परमिट मिळू शकतं. अमेरिकेत १२ महिने काम करता येतं, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषय असेल तर आणखी २४. त्यापुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा लागतो, त्याचा नेहमीचा वार्षिक कोटा ८५,००० आणि मागणारे त्याहून कितीतरी जास्त. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र सत्राला १,५०० युरो आहे. तिथे कोर्स इंग्रजीतून केला तरी नोकरीसाठी बहुतेक ठिकाणी जर्मन लागतेच. ‘तिकडे जाऊन शिकेन’ म्हणणाऱ्यांचे ते १८ महिने भाषेतच जातात, तेव्हा शिकायला इथूनच सुरुवात करा.

आता पैसे. प्रत्येक देशाला ते वेगळ्या रूपात दिसायला हवे असतात. जर्मनीला वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, भरलेले लागतात. कॅनडात एकट्या विद्यार्थ्यासाठी १ सप्टेंबर २०२५ पासून फी आणि प्रवास सोडून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. तिथली एसडीएस ही विद्यार्थी व्हिसाची जलद वाट ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली. तरी एजंटांच्या जुन्या पत्रकांवर ती अजून झळकते, फसू नका.

सर्वात जास्त घोळ होतो तो ब्रिटनच्या २८ दिवसांत. पहिल्या वर्षाची उरलेली फी, अधिक नऊ महिन्यांचा खर्च (११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनला महिना १,५२९ पौंड, लंडनबाहेर १,१७१) एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आणि त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. स्टेटमेंट ३० जूनला संपत असेल, तर पैसे ३ जूनपासून हललेले नकोत आणि अर्ज ३१ जुलैपर्यंत जायला हवा. मधेच घराचा हप्ता आपोआप कापला गेला आणि शिल्लक एक दिवस जरी कमी झाली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. रुपयाचा भावही अर्जाच्या दिवशीचा धरतात, म्हणून काठावरची रक्कम ठेवू नका; लाखभर जास्त असू द्या. पीएफ आणि शेअर्स चालत नाहीत. काकांचं किंवा मामाचं खातंही चालत नाही. विद्यार्थ्याचं स्वतःचं नाहीतर आईवडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं लागतं.

आणि खातं आईवडिलांचं असलं की जन्मदाखला आलाच. नात्याचा पुरावा म्हणून आधार किंवा रेशनकार्ड तिथे धरत नाहीत. घरोघरी जन्मदाखला असतो, पण त्यात बाळाचं नावच नसतं, कारण नोंद बारशाआधी झालेली. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत नाव घालून घेता येतं. त्याला नोंदणीपासून १५ वर्षांची मुदत आहे, ती उलटली असेल तर सध्या मुदतवाढ चालू आहे का हे आधी विचारा. खिडकीवर स्वतःहून कोणी सांगणार नाही. दुसरी अडचण जास्त दुखरी. दाखल्यावर आईचं माहेरचं नाव, कारण जन्माची नोंद तिच्या माहेरच्या गावी झाली, बँकेत लग्नानंतरचं. ही दोन नावं एकाच बाईची आहेत हे परदेशातल्या अधिकाऱ्याला विवाह प्रमाणपत्राशिवाय किंवा राजपत्राशिवाय कळणार कसं? पण तीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंद केलेलीच नसते. ती उशिराही करता येते, साक्षीदार आणि लग्नपत्रिका शोधायला घ्या. आईला या वयात ‘तू तूच आहेस हे सिद्ध कर’ म्हणून प्रभाग कार्यालयात फिरवणं मला फार खुपतं, पण हा कागद टाळता येत नाही.

मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव असा क्रम येतो; पासपोर्टवर तुमच्या नावात आईचं नाव नसतं. अर्जात सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहा आणि फरकासाठी नोटरीचं प्रतिज्ञापत्र जोडा. स्पेलिंगच वेगळं असेल तर पासपोर्टची दुरुस्ती आधी, अर्ज नंतर.

कर्जाकडे वळू. ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजना देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. दर उन्हाळ्यात लोक त्या भरवशावर बसून राहतात. सरकारी बँकांत साधारणपणे साडेसात लाखांच्या वर तारण लागतं आणि घर तारण द्यायचं तर भोगवटा प्रमाणपत्र. दिवा, कळवा, मुंब्रा इथल्या कितीतरी इमारतींना ते नाही. घणसोली-कोपरखैरण्यातल्या गावठाणातल्या घरांचंही तेच. सिडकोच्या जागेवर फ्लॅट असेल तर जमीन भाडेपट्ट्याची, म्हणून सोसायटीच्या ना-हरकतीबरोबर सिडकोचीही लागते. माणसं पंचवीस वर्षं घरपट्टी भरतात, आणि बँकेचा वकील म्हणतो की कागद अपुरे आहेत. प्रवेशाचं पत्र येण्याची वाट न बघता सोसायटीच्या सेक्रेटरीकडे ओसीची प्रत आजच मागा. नसेलच तर एफडी किंवा विमा पॉलिसी तारण देता येते का विचारा. खासगी संस्था विनातारण देतात, पण त्यांचा व्याजदर बघून मगच सही करा.

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (इथली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) सक्तीचं आहे, शुल्क १८,००० रुपये. ते हातात पडायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या सत्रातच अर्ज टाका. दुसरी गोष्ट १५ जुलैची, म्हणजे हिवाळी सत्राच्या अर्जाच्या नेहमीच्या शेवटच्या तारखेची. ही तारीख पूर्ण अर्ज पोचण्याची असते. विद्यापीठ ‘युनी-असिस्ट’मार्फत कागद तपासून मागत असेल, तर त्या तपासणीलाच चार ते सहा आठवडे लागतात, कागद मे महिन्यातच जायला हवेत. शिवाय इंग्रजी मास्टर्सच्या कित्येक कोर्सांची मुदत त्याआधीच संपते. प्रत्येक कोर्सचं पान स्वतः उघडून बघा.

राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते, विद्यापीठ ‘क्यूएस’ या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असावं लागतं. इथे मुलं एकाच शब्दावर बाद होतात : ऑफर विनाअट हवी. शेवटच्या सत्राचा निकाल लागलेला नसतो, म्हणून विद्यापीठ सशर्त पत्र देतं. निकाल लागला त्याच आठवड्यात कॉलेजकडून तात्पुरतं उत्तीर्ण प्रमाणपत्र घ्या, परदेशी विद्यापीठाला मेल करा आणि नवं पत्र मागा. डिपॉझिट भरण्याची अट अडत असेल, तर सरकारी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करतोय हे लिहून ती काढायची विनंती करता येते. काही विद्यापीठं ऐकतात, मात्र विचारावं लागतं.