बर्फाळ समुद्रातील माशांची गोठणरोधी प्रथिने

क्षारांमुळे समुद्राचे पाणी गोठायला सुमारे –१.९° से. तापमान लागते. बहुतेक सागरी माशांच्या रक्तात क्षार त्याहून बरेच कमी असल्याने ते –०.८° से.च्या आसपासच गोठू शकते. अंटार्क्टिकातील मॅकमर्डो साउंडमध्ये पाणी वर्षातला बहुतेक काळ –१.९° से.च्या आसपास असते. तिथे खरे तर समुद्राआधी मासाच गोठायला हवा. प्रत्यक्षात नोटोथेनिऑइड गटातले मासे तिथे बर्फाला खेटून आयुष्य काढतात.

न गोठता जगण्याचा एक मार्ग खोल पाण्यात दिसतो. १९५०च्या दशकात शास्त्रज्ञ पेर शोलांडर आणि सहकाऱ्यांना कॅनडातील लॅब्राडोरच्या हेब्रॉन फ्योर्डमध्ये (कड्यांमधल्या अरुंद खाडीत) तळाशी असे मासे आढळले, की ज्यांचे रक्त गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवच होते. तळाशी बर्फ नसतो, त्यामुळे रक्तात स्फटिक धरायला निमित्त मिळत नाही. अशा माशाला बर्फाचा नुसता स्पर्श झाला, की तो गोठून मरतो.

बर्फाला खेटून राहणाऱ्या मॅकमर्डोच्या माशांचे कोडे शास्त्रज्ञ आर्थर डेव्हरीज यांनी १९६०च्या दशकात उलगडले. या माशांच्या रक्तात साखर जोडलेली प्रथिने, म्हणजे ग्लायकोप्रथिने असतात. त्यांची रचना चकित करण्याइतकी साधी आहे: अ‍ॅलनिन, अ‍ॅलनिन, थ्रिओनिन हाच अमिनो आम्लांचा क्रम पुन्हापुन्हा आणि प्रत्येक थ्रिओनिनला दोन शर्करांची जोडी. गाडीच्या रेडिएटरमधले कूलंट केवळ विरघळलेल्या रेणूंच्या संख्येवर काम करते. या प्रथिनांचे तसे नाही. त्या हिशेबापेक्षा त्यांचा परिणाम शेकडो पट जास्त असतो. ती बर्फाच्या सूक्ष्म स्फटिकाला जाऊन चिकटतात. मग त्यांच्या मधल्या जागेतून बर्फाला फुगीर होऊनच वाढावे लागते आणि वक्र पृष्ठावर वाढ होण्यासाठी तापमान आणखी उतरावे लागते. थोडक्यात, बर्फ शरीरात शिरतो, पण वाढत नाही. यातल्या बऱ्याच माशांच्या मूत्रपिंडात रक्त गाळणारे केशिकागुच्छच नसतात, त्यामुळे कष्टाने बनवलेले प्रथिन मूत्रावाटे वाया जात नाही.

या प्रथिनाचे जनुक ट्रिप्सिनोजेन या पाचक विकराच्या पूर्वरूपाच्या जनुकातून घडल्याचे १९९७ मध्ये दिसून आले. उत्तर ध्रुवाकडच्या आर्क्टिक कॉडमध्ये जवळजवळ हेच प्रथिन आहे, पण त्याचा उगम अगदी स्वतंत्र. उत्तर अटलांटिकच्या विंटर फ्लाउंडरमधले प्रथिन तर निराळेच, शर्कराविरहित. ते हिवाळ्यात रक्तात वाढते आणि उन्हाळ्यात जवळपास नाहीसे होते.

नोटोथेनिऑइड माशांना मात्र याची किंमत मोजावी लागते. शिरलेले स्फटिक शरीरात, विशेषतः प्लीहेत, साठून राहतात. उन्हाळ्यात पाणी किंचित गरम होऊन शरीरातल्या बर्फाच्या नेहमीच्या वितळणबिंदूच्या वर गेले, तरी ते पूर्ण वितळत नाहीत. स्फटिकाला चिकटलेली प्रथिने त्याचे वितळणेही अडवतात, असे २०१४ मध्ये आढळले.