पगारातला व्यवसाय कर आणि कोकणातली कलमं

गणपतीला मुंबई-गोवा महामार्गावर गाड्यांची रांग लागली की चाकरमानी विचारतो, "आम्ही कर भरतो, आमच्या पदरात काय पडतं?" २०११ साली सुरू झालेलं चौपदरीकरण अजून रखडतच चाललंय, त्यामुळे हा संताप रास्तच आहे. पण त्याच दमात "जो भरेल त्यालाच मिळावं" असंही म्हटलं जातं, आणि ते मला पटत नाही. कोकणाचा मागचा हिशेबही तसं सांगत नाही.

खोतीत कूळ राबायचं आणि खोत वसुली करून आपला वाटा ठेवून सारा सरकारात भरायचा. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. मिठावरचा कर तर पेजेत मीठ घालणाऱ्या प्रत्येकाकडून निघायचा, म्हणून १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. त्या काळात गरिबाने भरायचं आणि वरच्याने खायचं, अशीच रीत होती.

ती उलटी फिरली १९७२च्या दुष्काळानंतर. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला आणि जेवढा कर जमा होईल तेवढीच रक्कम सरकारनेही आपल्याकडून घालायची असं ठरलं. आजही पगाराच्या चिठ्ठीवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ते हेच. म्हणजे मुंबईत नोकरी करणारा कोकणी माणूस माण-खटावच्या, बीडच्या बांधबंदिस्तीचे पैसे भरत होता. त्याच्या स्वतःच्या गावात पाऊस धो धो. दुष्काळी कामं तिथे कुठून निघणार?

आणि मग १९९०-९१मध्ये याच योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. जांभ्याच्या कातळात खड्डा खणायचा, बाहेरून माती आणून भरायची, त्यात हापूसचं कलम किंवा काजू लावायचा; मजुरी आणि कलमांचे पैसे सरकारचे. अनुदान तीन वर्षांत विभागलेलं, झाडं जगली तरच पुढचा हप्ता. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या, जमिनी तेव्हा बागेखाली आल्या. छोट्या शेतकऱ्याच्या हाती, मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीखेरीज, स्वतःच्या जमिनीतला पैसा आला. यातल्या बहुतेकांनी व्यवसाय कर कधी भरलाही नसेल. तरी त्यांचा हक्क कमी होता असं मी म्हणणार नाही.

"वापरेल त्याने भरावं" हा न्याय कोकणाला लावला गेला तो रेल्वेत. १९९०मध्ये वेगळं महामंडळ झालं, रोखे काढून कर्ज उभारलं आणि १९९८ला पूर्ण मार्ग खुला झाला. भाडं मात्र प्रत्यक्षापेक्षा वाढीव अंतर धरून आकारलं जाऊ लागलं. बाकी देशात जी रेल्वे सगळ्यांच्या पैशातून उभी राहिली, तिच्यासाठी कोकणातल्या प्रवाशाला तिकिटामागे जादा मोजावे लागले.