नदीची तब्येत गोट्याखाली

शहराच्या टोकाला सिमेंटच्या भिंती संपून पात्र मोकळं होतं, तिथली नदी बघायला गेलात तर पाण्याच्या रंगावर फार विसंबू नका. नितळ दिसणाऱ्या पाण्यात ऑक्सिजनची बोंब असू शकते आणि पावसानं गढूळलेली नदी ठणठणीत असू शकते. घोटाभर पाण्यात उतरून धारेतला एखादा गोटा अलगद उचला आणि उलटा करा.

खालच्या अंगाला चपटे, तपकिरी, नखाएवढे जीव सैरावैरा पळताना दिसतील. शेपटाला तीन धागे असतील तर ती बहुधा मेफ्लाय या उडत्या किड्याची पाण्यात वाढणारी पिल्लं. डोळा जवळ नेला की पोटाच्या दोन्ही कडांना पातळ कल्ले थरथरताना दिसतात. पंख फुटलेल्या मेफ्लायला खाता येईल असं तोंडच उरत नाही. काही तास, फार तर थोडे दिवस जगायचं, अंडी घालायची आणि संपायचं. त्याआधीचे कित्येक आठवडे, कधी महिने, या गोट्याखालीच गेलेले असतात. (बघून झालं की गोटा होता तसाच ठेवा, ते कुणाचं तरी घर आहे.)

नदी तपासायला हे किडे फार कामाचे. बाटलीत भरलेलं पाणी फक्त त्या घटकेचं सांगतं. रात्री कुणी घाण सोडली तर सकाळपर्यंत ती वाहून गेलेली असते, पण नाजूक किडे नाहीसे झालेले असतात आणि ती उणीव लवकर भरून निघत नाही. ब्रिटनमध्ये याच तत्त्वावर किड्यांच्या कुळांना १ ते १० गुण देणारी पद्धत बसवली गेली, कूळ जितकं नाजूक तितके गुण जास्त: स्टोनफ्लाय (असाच पाण्यात वाढणारा एक किडा) आणि बऱ्याचशा मेफ्लायना १०, गाळातल्या बारीक गांडुळांना १. गोट्यामागून गोटे उलटूनही फक्त लाल वळवळत्या अळ्याच सापडल्या तर समजावं की ऑक्सिजन तुटपुंजा आहे. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तगतात.

ऑक्सिजनचं गणित तसं कडक आहे. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्यात सांडपाणी मिसळलं की ते कुजवणारे जीवाणू आहे तेवढाही संपवतात. म्हणून काठच्या झाडांची सावली महत्त्वाची, आणि गोट्यांवरून खळाळत हवा ओढून घेणारे उथळ पट्टेसुद्धा. मोकळ्या नदीत असे पट्टे आणि डोह आलटून पालटून येतात. दोन उथळ पट्ट्यांमधलं अंतर बऱ्याचदा पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट भरतं.

वळणांची गंमत वेगळीच. चहा ढवळून थांबलं की भुकटी कपाच्या कडेला न जाता मधोमध का गोळा होते, याचा उलगडा करत आइनस्टाइन यांनी १९२६ साली नद्यांची वळणं समजावली होती. तळाशी घर्षणामुळे पाणी मंद, वर वेगवान. वळणावर वरचं पाणी बाहेरच्या काठावर आदळून खाली बुडी मारतं आणि तळातून वाळू घेऊन आतल्या काठाकडे येतं. म्हणून एका बाजूला उभी दरड, समोर वाळूचा उतार. दरडीत भोकं दिसली तर ती खंड्याची घरटी असू शकतात. असा काठ ‘सुशोभित’ करायचा म्हणजे त्याचं वाटोळं करायचं, हे माझं स्पष्ट मत.

उलट दिशेनंही जाता येतं. म्युनिक शहरात इसार नदीच्या ८ किलोमीटरच्या पट्ट्यातले बांधीव काठ २००० ते २०११ या काळात बऱ्याच ठिकाणी काढून गोट्यांचे उतार परत केले गेले, आणि पुरालाही पसरायला जागा मिळाली.

शहरालगतच्या नदीची एक खोड मात्र ध्यानात असू द्या. रस्ते आणि छपरं पाणी मुरू देत नाहीत, त्यामुळे वरच्या भागात जोराची सर आली की लोंढा थेट पात्रात येतो. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-कचरा वाहत आला, की लगेच काठावर चढा.