शुद्ध जिवाणू-डीएनएमधील अर्सेनिकची तपासणी

जिवाणूपासून वेगळ्या केलेल्या डीएनएच्या कण्यात (साखळीच्या मुख्य सांगाड्यात) फॉस्फेटच्या जागी अर्सेनेट, म्हणजे फॉस्फेटसारखेच पण फॉस्फरसऐवजी अर्सेनिक असलेले संयुग, बसले आहे का, हे ठरवण्याची ही रासायनिक पद्धत आहे. नमुन्यात अर्सेनिक सापडणे एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. ते डीएनएच्या साखळीत बंधाने जोडलेले असावे लागते. तपासणीची खरी कसोटी हीच.

कॅलिफोर्नियातील मोनो सरोवराच्या गाळातून मिळालेल्या जीएफएजे-१ या जिवाणूमुळे हा प्रश्न गाजला. फॉस्फरसच्या टंचाईत तो डीएनएमध्ये अर्सेनिक वापरतो, असा दावा फेलिसा वुल्फ-सायमन व सहकाऱ्यांनी डिसेंबर २०१० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात केला. जेलमधून (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या मऊ थरातून) कापलेल्या तुकड्यातला डीएनए पुरेसा धुतलेला नव्हता, हा त्यावरचा मुख्य आक्षेप होता, आणि तो रास्त होता. त्या प्रयोगातील वाढमाध्यमात अर्सेनेटचे प्रमाण ४० मिलिमोलर होते. अशा माध्यमाच्या एका मायक्रोलिटरमध्ये ४० नॅनोमोल अर्सेनिक असते, तर एक मायक्रोग्रॅम डीएनएमध्ये फॉस्फरस असतो जेमतेम ३ नॅनोमोल. माध्यमाचा एखादा सूक्ष्म थेंब मागे राहिला, तरी निष्कर्ष उलटू शकतो.

म्हणून शुद्धीकरण अनेक पायऱ्यांनी करतात. प्रथिने आणि आरएनए विकरांनी काढून टाकतात. अल्कोहोलने डीएनएचा साका पाडताना (द्रावणातून घनरूपात खाली बसवताना) अर्सेनेटचे क्षारही खाली बसू शकतात, त्यामुळे एकदाच साका पाडून भागत नाही. सीझियम क्लोराइडच्या घनता-उतारावर (तळाकडे घनता वाढत जाणाऱ्या द्रावणात) वेगाने अपकेंद्रण केले, म्हणजे नमुना गरगर फिरवला, की डीएनए आपल्या घनतेच्या पट्ट्यात, म्हणजे सुमारे १.७ ग्रॅम प्रति मिलिलिटरला, थांबतो. सुटे अर्सेनेट मात्र अशा पट्ट्यात गोळा होत नाही. तुलनेसाठी फक्त फॉस्फेटवर वाढवलेल्या त्याच जिवाणूचा डीएनए आणि नुसते अभिकारक असलेला कोरा नमुनाही याच वाटेने न्यावा लागतो.

मोजणीसाठी प्लाझ्मा-आधारित वस्तुमान वर्णपटमापी, म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणारे यंत्र, वापरतात. हजारात एका फॉस्फेटची जागा अर्सेनेटने घेतली असेल, तर एक मायक्रोग्रॅम डीएनएमध्ये सुमारे ०.२३ नॅनोग्रॅम अर्सेनिक मिळेल, आणि तेवढे या यंत्राला सहज दिसते. सापळा वेगळाच आहे. अर्सेनिकचे एकमेव स्थिर समस्थानिक ७५ वस्तुमानाचे. यंत्रातील आर्गॉन (४०) आणि नमुन्यातील क्लोरीन (३५) एकत्र आले तरी ७५ च भरतात. सीझियम क्लोराइड वापरल्यावर क्लोरीन धुऊन काढणे, किंवा यंत्रातील हेलियमच्या कक्षात ही भेसळ वगळणे, अत्यावश्यक ठरते.

दुसरा पुरावा बंधाच्या टिकाऊपणाचा. पाण्यात अर्सेनेट-डायएस्टर बंधाचे (अर्सेनेटने साखळीतले दोन घटक जोडणाऱ्या बंधाचे) अर्धायुष्य २५ अंश सेल्सिअसला अंदाजे ०.०६ सेकंद धरले जाते. साखळीत असे बंध असते, तर पाण्यात ठेवलेल्या डीएनएचे तुकडे झाले असते. दुहेरी साखळीत एका बाजूचे तुटणे झाकले जाते, त्यामुळे दोन्ही धागे उष्णतेने सुटे करूनच त्यांची लांबी जेलवर पाहावी. डीएनए विकरांनी न्यूक्लिओटाइडांपर्यंत मोडून त्यात अर्सेनिकयुक्त घटक शोधणे हा तिसरा मार्ग.

कॅनडातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफिल्ड यांच्या गटाने २०१२ मध्ये सीझियम क्लोराइड-शुद्धीकरण व वर्णपटमापन वापरून तपासले, तेव्हा डीएनएला जोडलेले अर्सेनेट आढळले नाही. झुरिकमधील गटाने त्याच वेळी दाखवले की जीएफएजे-१ अर्सेनेट सहन करतो, पण वाढण्यासाठी त्याला फॉस्फेट लागतेच. जुलै २०२५ मध्ये ‘सायन्स’ने मूळ लेख मागे घेतला, लेखकांना हा निर्णय मान्य नव्हता, आणि संपादकांनीही गैरवर्तनाचा आरोप केला नाही.